बामच्या डबीतली चिप

क्यूबाच्या उत्तर किनाऱ्यावरील पुएर्तो हिकोतेआ या बंदरात, टंचाईच्या त्या वर्षांत, लाइट पाहुण्यासारखी येत असे. आज खालच्या आळीत चार तास, उद्या वरच्या आळीत तीन तास. मुक्काम कुठेच नाही. आणि लाइट ज्या आळीत जाई, तिच्या मागोमाग एक बामची डबी जाई. लाल पत्र्याची, चिनी बामची, झाकणाचा रंग उडालेली ती डबी. आत बुचाचा एक तुकडा, आणि त्या बुचात रुतवलेली, आठ पायांची, नखाएवढी काळी चिप.

गावात हाताने बांधलेले रेडिओसंच चार होते. चिप मात्र एकच. बाकीच्या तीन एकेक करून निमाल्या होत्या आणि नवीन मिळण्याची आशा कुणाला उरली नव्हती. म्हणून चारही संचांत आठ भोकांचे एकेक रिकामे सॉकेट वाट पाहत बसलेले असे. ज्या घरी लाइट त्या घरी चिप. ज्या घरी चिप त्या घराला कान आणि वाचा. गावात माता कारिदादची मूर्ती नऊ घरी नऊ दिवस फिरवतात ना, तसेच हे. डबी दारात आली की माणसे उठून उभी राहत, हात पुसून ती घेत, आणि लाइट गेली की पुढच्या घरी पोचवत. कुणी तिला आपली म्हणत नसे, म्हणून ती सर्वांची होती.

हे सारे ज्या हातांनी उभे केले ते हात ओनेलियाचे. वय एकसष्ट, शरीर आडवे, चाल जड, बोट मात्र हलके. सरकारी दुरुस्तीखान्यात सव्वीस वर्षे तिने सोल्डरिंग केले. डाव्या अंगठ्यावर भाजल्याचे इतके पांढरे ठिपके, की तिची नात त्यांना आकाश म्हणत असे. आणि गंमत अशी की सॉकेट या वस्तूशी तिचे जन्माचे वैर.

"सॉकेट म्हणजे भाड्याची खोली," ती म्हणायची. "आज भांडी लावली, उद्या रस्त्यावर. सोल्डर केलेला जोड म्हणजे कसा, नांदायला आलेली बाई. हलत नाही, बोलत नाही, काम करते."

"आणि बाई वारली म्हणजे?" मास्तर विफ्रेदो विचारायचे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला हा काटकुळा माणूस गावच्या रेडिओ मंडळाचा चिटणीस होता. "घर पाडायचं का तिला बाहेर काढायला? ओनेलियाबाई, चिप मेली तर सॉकेटमधून उपसता येते. तुमचा जोड उपसायला गेलं तर निम्मी सर्किटची पाटी सोबत येते."

"माझ्या हाताने मेलेली एक चिप दाखवा, मास्तर."

दाखवता येत नव्हती. पण चिप एकावर आली तेव्हा वादही संपला. एकच दिवा चार घरांत लावायचा तर तो भिंतीत चिणून कसा चालेल? ओनेलियाने मान खाली घातली, मेलेल्या दूरदर्शन संचांतून जुनी सॉकेटे उकलून काढली आणि चारही संचांत स्वतःच्या हाताने बसवली. जे आपल्याला पटत नाही ते दुसऱ्यांसाठी निगुतीने करणे, ही भक्तीच आहे. देवळात न जाताही घडणारी.

चिप काढण्याचा तिचा एक नियम होता. केसांत खोवलेला पिनेचा आकडा काढायचा, त्याचे टोक चिपेखाली आधी एका बाजूने केसभर घालायचे, मग दुसऱ्या बाजूने केसभर, पुन्हा पहिल्या. घाई नाही, नख नाही. "पाय आठ आहेत," ती सर्वांना बजावायची, "आणि एकही पाय कमी असला तर घोडा उभा राहत नाही."

*

जानेवारीतल्या त्या गुरुवारी डबी ओनेलियाकडे होती. दुपारी बाराच्या ठोक्याला तिने संच लावला आणि कायो गाविओतावरून तिच्या धाकट्या भावाचा, एलिएसेरचा, आवाज आला.

कायो गाविओता हे खडकांच्या रांगेपलीकडचे बेट. त्यावर एक दीपगृह, आणि दीपगृहात एकटा एलिएसेर. बंदराच्या कचेरीतला संच दोन महिने पार्टवाचून बंद होता, म्हणून बेटाला जगाशी बांधणारा धागा हाच. एलिएसेरपाशी त्याचा स्वतःचा पाचवा संच होता, ओनेलियाने बांधलेला, चिपेसकट नखशिखांत सोल्डर केलेला. तिथे सॉकेट नव्हते. तिथे तिने कुणाचे ऐकले नव्हते.

"ताई, हसू नकोस," तो म्हणाला. "पाकट माशावर पाय पडला. परवाच. काटा उपसला, पण पाय भोपळ्यासारखा झालाय. आणि एक लाल रेघ वर चाललीय. ओव्हर."

"परवा? आणि आज सांगतोस, गाढवा? ओव्हर."

"परवा दुखत नव्हतं गं एवढं. ओव्हर."

ओनेलियाने सायकलवरून शेजारणीला पिटाळून डॉक्टर इडाल्मिसला बोलावले. ही डॉक्टरीण सव्वीस वर्षांची. बोलायची हळू, पण तिचे हळू बोलणे माणसे उभी राहून ऐकत. तिने माइक हातात घेतला.

"रेघ कुठवर आहे?"

"घोट्याच्या वर चार बोटं."

"पेन घ्या. रेघेचं टोक आहे तिथे आडवी खूण करा. पाय उशीवर, पाणी भरपूर, आयोडीन आहे ते लावा. गोळ्या?"

"गोळ्या संपल्या डॉक्टर, ऑगस्टातच."

"पाच वाजता मला फक्त एक सांगायचं. रेघ खुणेवरच आहे, की गुडघ्याकडे गेली. बाकी काही बोलून बॅटरी घालवू नका."

"बॅटरी आहे दहा मिनिटांची," एलिएसेर म्हणाला. "ढग आहेत, भरली नाही. पाच ते पाच दहा बोलतो. नंतर दिव्यालाच ठेवावी लागेल. ताई, टंचाई आहे म्हणून कॉफीत भाजलेले वाटाणे किती मिसळशील, वास इथवर येतोय. ओव्हर."

माइक ठेवून डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, रेघ गुडघ्यावर गेली असेल तर माझ्याकडच्या गोळ्या आजच त्याच्यापर्यंत पोचायला हव्यात. नाहीतर उद्या कदाचित पाय कापावा लागेल. कदाचित त्याचाही उपयोग होणार नाही."

मग दोघी धक्क्यावर क्रेसेन्सियोकडे गेल्या. कप्तान क्रेसेन्सियोची होडी ही बंदरात डिझेल असलेली एकमेव होडी, आणि डिझेल एका फेरीचे. तो जाळे शिवत होता. त्याने सगळे ऐकले, उत्तरेकडे पाहिले, दातातली दोरी काढली.

"वारा फिरतोय. पाचनंतर उत्तरेचा होणार. खडकांतली खिंड दिसते तोवर म्हणजे साडेपाचला सुटलो तर पोचतो आणि रात्र बेटावर काढून पहाटे आणतो. रेघ चढली असेल तर मी माझी दोन्ही पोरं घेऊन निघतो, विचारायचं काम नाही. पण रेघ जिथल्या तिथे असेल तर असल्या वाऱ्यात मी पोरांना त्या खिंडीत घालणार नाही. मला त्याच्या तोंडचा शब्द हवा, ओनेलिया. हो किंवा नाही."

"मिळेल," ओनेलिया म्हणाली. "पाच वाजून दहा मिनिटांच्या आत मिळेल."

*

तीनला दहा कमी असताना तिच्या घरची लाइट गेली.

त्यात नवल नव्हते. खालच्या आळीची लाइट पाचपर्यंत टिकणार नाही हे तिने धरलेच होते. वरच्या आळीत, मास्तरांकडे, ती सहापर्यंत होती. डबी उचलायची, टेकडी चढायची, अर्धा तास. वेळ पुरेसा होता. पुरेसा होता, हे तिने नंतर शंभरदा स्वतःला सांगितले.

पण मनात भावाचा पाय होता. आईच्या माघारी ज्याला तिने सहा वर्षांचा असल्यापासून न्हाऊ-माखू घातले, त्याचा पाय. हात डोक्याकडे गेला, आकडा सापडला नाही, शोधायला ती थांबली नाही. तिने चिपेच्या एका टोकाखाली अंगठ्याचे नख घातले आणि उचलले.

चिप एका बाजूने उठली. दुसरी बाजू अडली. मग टिचकी वाजल्यासारखा बारीक आवाज झाला.

तिने तळहात उघडला. सात पाय. आठवा, कोपऱ्यातला, ज्यातून वीज आत शिरते तो, मुळापासून तुटून सॉकेटच्या भोकात उभा होता. रिकाम्या दारात कुणीतरी विसरलेल्या काठीसारखा.

ती खाली बसली. सव्वीस वर्षांत, मास्तर, माझ्या हाताने मेलेली एक चिप दाखवा. ती आता तिच्याच तळहातावर होती. आईने मरताना धरलेला तो हात, लेकरांना भरवणारा, शेकडो घरांचे मुके रेडिओ बोलते करणारा. त्याच हाताने आज भावाचा गळा धरला होता.

मग तिने आकडा शोधला. तो केसांतच होता, कानामागे.

*

"मास्तर, मी ती मोडली."

विफ्रेदोंनी दार उघडले तेव्हा ती धापा टाकत होती. एका हातात डबी, दुसऱ्या हातात दुरुस्तीखान्यातले तिचे सोल्डरिंगचे जाड आयर्न. मास्तरांनी चिप खिडकीशी नेली, भिंग लावले आणि तुटका कोपरा उजेडात फिरवून पाहिला.

"मुळाशी कणभर धातू दिसतोय," ते म्हणाले. "कणभरच."

"तेवढाच लागतो."

"काय करणार?"

"ब्लेडने कडेचं प्लास्टिक खरवडते. धातू उघडा पडेल. त्याला केसासारखी तार लावते. नवा पाय."

"आणि उष्णतेने आतून गेली तर?"

"तर गेली."

घड्याळात साडेतीन झाले होते. मास्तरांचे बारीक आयर्न उन्हाळ्यातच जळून गेले होते, आणि ओनेलियाचे आयर्न पत्र्याचे डबे जोडायचे. त्याच्या टोकाने चिप लोण्यासारखी वितळली असती. तिने तांब्याची जाड तार मागितली, ती आयर्नच्या टोकाभोवती घट्ट गुंडाळली, आणि तारेचे शेपूट बोटभर पुढे काढून ठोकून चपटे केले. मोठ्या आयर्नला छोटी जीभ फुटली. मग तिने आपल्या चष्म्यावर मास्तरांचा चष्मा चढवला.

"एक नाक आणि चार डोळे," मास्तर म्हणाले. त्यांना बोलल्याशिवाय राहवत नव्हते. "देवाने ओळख विचारली तर काय सांगाल?"

"सांगेन, मास्तरांनी बडबड करून हात हलवला. गप्प बसा."

ब्लेडने तिने एकेक कण खरवडला. श्वास सोडायचा, थांबायचा, खरवडायचे. चार वाजता धातूचा ठिपका मोहरीच्या निम्म्याएवढा दिसू लागला. जोड धरावा म्हणून तिने राळ लावली, तार टेकवली, तांब्याची जीभ एका क्षणासाठी लावली, मागे घेतली. तार चिकटली होती. हलक्या फुंकरीने ती थरथरत होती, पण चिकटली होती.

"घाला सॉकेटमध्ये," मास्तर म्हणाले.

"टिकणार नाही."

"टिकेल. दहा मिनिटंच तर हवीत. सात पाय नेहमीसारखे, आठवी तार भोकात सारायची. उष्णता नको, धोका नको. आणि ओनेलियाबाई, ऐका. ही माझ्या संचात सोल्डरने कायमची झाळली, की ती कायमची इथलीच. माझ्या आळीची लाइट जाईल तेव्हा गाव बहिरं. मंडळाला मी काय सांगू? चिटणीसाने चिप घरात ठेवून घेतली?"

ओनेलियाने त्यांच्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत लोभ नव्हता. भीती होती, लोक लोभ म्हणतील याची. तिने वाद घातला नाही. चिप सॉकेटमध्ये बसवली, तार आठव्या भोकात सारली, बटण फिरवले.

फुसफुस आली! दर्याची असते तशी, ओली, भरलेली. मास्तरांनी दोन्ही हात जोडले. चार पंचवीस.

मग रस्त्याने एक बैलगाडी गेली. टेबल कणभर हलले आणि फुसफुस थांबली. ओनेलियाने बोटाने तार दाबली, आली. बोट काढले, गेली. पुन्हा दाबली, खर्रर, शब्दाच्या जागी नुसता खरखराट, आणि मग काहीच नाही. चार वर्षे रोज काढघाल सोसून सॉकेटच्या भोकांची पकड सुटली होती. दोष चिपेचा नव्हता, तारेचा नव्हता. इतक्या हातांची सेवा करून ते सॉकेट म्हातारे झाले होते.

"तो पाचला बोलेल," ओनेलिया म्हणाली, "आणि 'गुडघ्या' म्हणेपर्यंत हे टिकेल. 'गुडघ्याखाली' की 'गुडघ्यावर', ते कळणार नाही. मास्तर, पक्कड द्या."

विफ्रेदोंनी पक्कड दिली.

*

जुने सॉकेट उखडायला वीस मिनिटे गेली. पाचला दहा कमी असताना डॉक्टर इडाल्मिस दारात आली. मागे क्रेसेन्सियोचा थोरला मुलगा, पायात रबरी बूट, हातात तिने दिलेली गोळ्यांची पुडी. होडीची दोरी सैल करून बाप वाट पाहत होता.

"मावशी, किती वेळ?"

"आठ जोड."

तिने चिप पाटीवर ठेवली. डोक्यातला आकडा काढला आणि पहिल्या पायाच्या मुळाशी चिमटा लावावा तसा लावला, म्हणजे उष्णता चिपेच्या पोटात शिरण्याआधी आकड्यात जाईल. जो आकडा दुपारी लावला असता तर यातले काहीच घडले नसते, तोच आता प्रत्येक पायाचा पाठीराखा झाला. राळेचा धूर. एक. ओल्या फडक्याने गार करायचे, दहा आकडे मोजायचे. दोन. पुन्हा दहा. घाई नाही, नख नाही. तिचे ओठ हलत होते. मास्तरांना वाटले ती आकडे मोजते आहे. ती मातेला हाक मारत होती. आई, हा जोड तुझा. आई, हा जोड तुझा. तीन. चार.

भिंतीवरच्या घड्याळाने पाच ठोके दिले.

मुलाने बूट आपटला. "मावशी, बापू म्हणतो—"

"तुझा बापू काय म्हणतो ते मला ठाऊक आहे, बाळा. प्रकाश अडवू नकोस."

बेटावर एलिएसेर आता माइक धरून बोलत असेल. ताई, ऐकतेस का? ताई? इथे कोणालाच ऐकू येत नव्हते. पाच. राळेचा धूर तिच्या डोळ्यांत गेला. दोन चष्म्यांमागून पुसता येईना. डॉक्टरीण पुढे झाली, पदर नव्हता म्हणून आपल्या डगल्याच्या बाहीने तिचे डोळे टिपले, हळूच, आईने टिपावे तसे. सहा. सात. पाच वाजून पाच मिनिटे.

आठवा उरला. केसासारखी तार. तिथे आकडा लावायला जागाच नव्हती, तिथे पाठीराखा कोणी नव्हता. तांब्याची जीभ क्षणभर जास्त टेकली तर मुळाशी लावलेला पहिला जोड सुटेल आणि तार गळून पडेल. क्षणभर कमी टेकली तर जोड कच्चा राहील. ओनेलियाने श्वास सोडला. टेकवले. उचलले.

"लावा, मास्तर."

मास्तरांनी बटण फिरवले. काही नाही. मग आले, आधी ओली फुसफुस, मग त्या फुसफुशीच्या तळातून माणसाचा घोगरा आवाज.

"—पुन्हा सांगतो. खुणेच्या वर. गुडघ्याच्या वर एक वीत. ताप आहे. ताई, तू गप्प का आहेस? पुन्हा सांगतो. खुणेच्या वर, गुडघ्याच्या—"

रबरी बूट केव्हाच उतरणीवरून धावत सुटले होते.

ओनेलियाने माइक उचलला. डॉक्टरिणीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ऐकलं, एली," ओनेलिया म्हणाली. "होडी निघाली. दार उघडं ठेव. बॅटरी दिव्याला ठेव, त्यांना खिंड दिसली पाहिजे. ओव्हर."

"उशीर केलास," तो म्हणाला. "मी सहा वेळा सांगितलं. कॉफी पीत बसली होतीस ना? ओव्हर."

*

होडी पहाटे परत आली. पायाची दोन बोटे गेली. पाय राहिला, माणूस राहिला. दवाखान्यात एलिएसेरने ताईला पहिला प्रश्न विचारला तो दिव्याचा: रात्री लावलेला दिवा सकाळी कुणी विझवला?

रविवारी मंडळ भरले. विफ्रेदोंनी उभे राहून सर्व हकिगत सांगितली आणि शेवटी, आवाज चढवून, एक वाक्य: ही चिप माझ्या संचात झाळली गेली ती माझ्या मागणीवरून नव्हे. लोक हसले. ओनेलियाही उभी राहिली. आठवा पाय माझ्या नखाने तुटला, तिने सांगितले. मग क्रेसेन्सियो, जो मंडळाचा सभासदही नव्हता, मागून म्हणाला, "माझ्या नखाने तुटला असता तर मी एवढा वेळ गावाला सांगत बसलो नसतो. संच फिरवायचा कसा ते बोला."

संच अकरा किलोचा होता. ओनेलियाने त्याचा जड ट्रान्सफॉर्मर वेगळा केला, चारही घरी तसला एकेक ठेवला, आणि उरलेला संच, अंगभर सोल्डर केलेला, कुठेही न हलणारा, क्रेसेन्सियोच्या बायकोने दिलेल्या कोंबड्यांच्या टोपलीत गवतावर बसवला. लाइट एका आळीतून दुसऱ्या आळीत गेली की ती टोपली सायकलच्या कॅरियरवर निघते. माणसे अजूनही उठून उभी राहतात, हात पुसतात, टोपली घेतात. फक्त आता कुणी काही उपसत नाही, कुणी काही खुपसत नाही.

बामची डबी ओनेलियाने जपून ठेवली आहे. तिच्यात बुचाचा तुकडा आहे, आणि बुचात उभा एक बारीक तुटका पाय.